आवाज गेला तेव्हा शाळा कशी चालली?

व्हरांडा

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावातील माध्यमिक शाळेत मी गेली सहा वर्षे मुख्याध्यापिका आहे. पट सव्वाचारशेच्या आसपास, शिक्षक चौदा, शिपाई दोन. धागा काढण्याचे निमित्त घशाचे आहे, विषय मात्र घशाचा नाही.

पहिली तीन वर्षे मी मुख्याध्यापकपद वठवले. हा शब्द मी विचारपूर्वक वापरत आहे. जे सहकारी आदल्या दिवसापर्यंत माझ्या डब्यातील भाकरी मोडून घेत होते, त्यांच्या रजेच्या अर्जावर दुसऱ्या दिवसापासून मला सही करायची होती, आणि हे अंतर कसे ओलांडावे याची मला काहीच कल्पना नव्हती. म्हणून मी माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांचे, आणि लहानपणी पाहिलेल्या आणखी दोघा-तिघांचे, एक मिश्रण तयार करून ते अंगावर चढवले. प्रत्येक वर्गात ध्वनिक्षेपकाचा एक डबा बसवलेला आहे. कार्यालयात बसून त्यावरून दिवसाला आठ-दहा सूचना द्यायच्या, परिपाठानंतर दहा मिनिटांचे भाषण करायचे, राग आलेला नसतानाही रागाचा आवाज काढायचा, असा तो सारा थाट होता. लोक ऐकत होते. निदान ऐकल्यासारखे करत होते, आणि मी तेवढ्यावर समाधान मानत होते.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर आवाज बसला तो उघडेना. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठी असल्याचे सांगितले आणि तीन आठवडे पूर्ण मौन पाळायला लावले. कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो, तेव्हा तेही बंद. दहावीच्या परीक्षेच्या अर्जांचे दिवस असल्याने रजा घेणे शक्य नव्हते. मी पहिलीतल्या मुलाची असते तशी एक पाटी आणि खडू घेऊन शाळेत जाऊ लागले.

पहिले चार दिवस गोंधळाचे गेले, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी सांगताना तो भाग वगळण्याचा मोह होतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मात्र काहीतरी बदलू लागले. कोणाला हाक मारता येत नसल्याने मला प्रत्येक ठिकाणी स्वतः जावे लागत होते, आणि जावे लागत असल्याने दिसत होते. मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ कित्येक महिने गळत होता. आठवी ब चा पहिला तास रोज सात मिनिटे उशिरा सुरू होत होता, कारण त्या शिक्षकांचे वडील रुग्णालयात होते आणि ते फाटकाजवळ उभे राहून भावाशी फोनवर बोलत होते. यापूर्वी मी त्यांना ध्वनिक्षेपकावरून, साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा रीतीने, दोनदा समज दिली होती. पाटीवर चार शब्दांत लिहायचे म्हटल्यावर माझ्या निम्म्या सूचना लिहिण्याच्या लायकीच्या उरल्या नाहीत. वर्गाच्या दारात मी नुसती उभी राहिले तरी गलका ओसरे, आणि तो भीतीने ओसरत नाही हे मुलांच्या चेहऱ्यांवरून कळत होते.

खरी गोम यानंतरची आहे. आवाज परतल्यावर मला वाटले की आपल्याला मर्म सापडले, आता असेच शांत राहायचे. मी हात मागे बांधून व्हरांड्यातून सावकाश फिरू लागले आणि उत्तर देण्याआधी थांबू लागले. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी माझी नक्कल केली. हात मागे, पावले मोजून टाकलेली, आणि प्रत्येक वाक्याआधी एवढा लांब विराम की मागून कोणीतरी ओरडले, “बाई, वीज गेली का?” सारा मांडव हसून लोळला. मीही हसले. घरी आल्यावर लक्षात आले की त्या तीन आठवड्यांच्या मौनाची नक्कल कोणीही केली नव्हती. त्यात नक्कल करण्यासारखे काही नव्हतेच.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. शांत असणे आणि शांत दिसणे यांतला फरक समोरच्या माणसाला इतक्या लवकर कसा कळतो? आणि जे अडचणीतून आपोआप घडले, ते अडचण संपल्यावर टिकवायचे कसे? आपले अनुभव वाचायला आवडतील.


गव्हाण

बाई, आपला लेख दोनदा वाचला. मी शिक्षक नाही. एका साखर कारखान्यात बत्तीस वर्षे फिटर आणि पुढे फोरमन म्हणून काम करून निवृत्त झालो. लिहिण्याची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्यावे.

गळीत हंगामात रात्री दोन वाजता गव्हाणीची, म्हणजे ऊस मिलकडे वाहून नेणाऱ्या यंत्राची, साखळी तुटली म्हणजे काय होते, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. मिल थांबते, रस जागेवर आंबू लागतो, यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे असतात, उसाचे वजन तासातासाला घटत असते आणि ज्याचा ऊस घटतो तो गाडीवर बसून आपल्याकडेच बघत असतो. अशा वेळी वरिष्ठ अधिकारी येतात. मी दोन प्रकारचे अधिकारी पाहिले. पहिले येताक्षणी “कोणाची ड्यूटी होती?” असे विचारत. या प्रश्नाने साखळी जोडली जात नाही, मात्र हजर असलेल्या आठ माणसांपैकी सहा माणसे आपण त्या वेळी कोठे होतो याचा हिशेब मनात मांडू लागतात आणि कामाला दोनच हात उरतात. दुसरे एक इंजिनिअर साहेब होते. ते आले की आधी घड्याळ बघत, मग वाकून बेअरिंगवर हात ठेवत, आणि मग विचारत, “यार्डात गाड्या किती आहेत?” कोणी म्हणाले साठ, तर एका पोराला कँटीनला पाठवून साठ जणांचा चहा सांगत. गाडीवाल्याच्या हातात चहा आला म्हणजे त्याला कळे की वेळ लागणार आहे आणि आपण येथे उभे आहोत हे कोणाच्या तरी ध्यानात आहे. मग ते आमच्यात बसत. पाना मागितला तर पाना देत.

आम्ही तरुण पोरे म्हणायचो की साहेबांच्या अंगात बर्फ आहे. आता कळते की तसे काही नव्हते. ऑफ सीझनला, जून-जुलैच्या उकाड्यात, सगळी मशिनरी उघडलेली असताना ते प्रत्येक कडी, प्रत्येक पिन स्वतः बघत हिंडत असत. कोणती साखळी किती झिजली आहे हे त्यांच्या वहीत लिहिलेले असे. त्यामुळे ती तुटली तेव्हा त्यांना धक्का बसत नसे. तुम्ही विचारता की फरक कसा कळतो. आम्हाला तो असा कळे की शांत दिसणारा माणूस आमच्याकडे बघत असे आणि शांत असणारा माणूस मशीनकडे.


यवतेश्वर

धागा चांगला आहे, पण मला त्यात थोडे पाणी ओतावे लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

साताऱ्यातल्या एका कार्यालयात मी अनेक वर्षे नोकरी केली. आमचे एक वरिष्ठ अत्यंत शांत म्हणून प्रसिद्ध होते. कधी आवाज चढला नाही, कधी फाईल आपटली नाही. एका सहकाऱ्याच्या वागण्याबद्दल आम्ही तिघींनी त्यांच्याकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, “शांत राहा. बघू आपण.” हे “बघू आपण” अकरा महिने चालले. दर वेळी त्यांच्या खोलीत गेल्यावर मलाच अपराधी वाटे, कारण त्या खोलीत उत्तेजित असलेली व्यक्ती मी एकटीच असे. त्यांची बदली झाल्यावर निरोप समारंभात सर्वांनी त्यांच्या संयमाचे कौतुक केले.

त्यामुळे कोणी शांत नेतृत्व म्हटले की मी आधी विचारते, शांत कोणाच्या खर्चाने? ज्याच्या हातात सही असते त्याला शांत राहणे परवडते. आणि आणखी एक. बाईमाणूस शांत राहिले तर त्याला धीरगंभीर म्हणत नाहीत. तिला काही कळत नाही असे समजतात. व्हरांडाताई, तुमच्या मौनाला मान मिळाला तो आधीची तीन वर्षे तुम्ही तुमचे पद आवाजाने उभे केले होते म्हणून तर नसेल? पहिल्याच दिवशी तुम्ही पाटी घेऊन गेला असतात तर हेच घडले असते का, याचा विचार व्हावा.


हळदपेठ

वाचतोय. यवतेश्वर यांचा प्रश्न बिनतोड आहे. गव्हाणकाका, ते इंजिनिअर साहेब कधीच ओरडले नाहीत का?


लोणंदकर

यवतेश्वरताईंचा प्रतिसाद वाचून मला वारीतील एक रिवाज आठवला, तो या प्रश्नाला अगदी नेमका भिडतो असे वाटते. माउलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण वारीत चाललेला माणूस ज्या क्षणाची रोज वाट बघतो तो संध्याकाळचा, तळावरच्या समाजआरतीचा.

पालखी तळावर येते, दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ चाललेला असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप उंच धरतात आणि एक हाळी देतात. काही क्षणांत सारा तळ निःशब्द होतो. तेथे पोलीस नसतो, कर्णा नसतो. हजारो माणसे एका उंचावलेल्या दंडाकडे बघून थांबतात. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही त्यांना हे दाखवायला नेतो आणि बहुतेक जण या शांततेवरच भाळून परत जातात.

पण अर्धी गोष्ट पुढे आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी थांबत नाही. बाकी सगळे गप्प झाले असताना ती एकटी टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तो टाळ अगदी स्पष्ट ऐकू येतो, आणि ऐकू यावा म्हणूनच तो वाजत असतो. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात. चालण्याच्या क्रमावरून काही झाले असेल, मुक्कामाच्या जागेवरून असेल, पाण्यावरून असेल. त्याची दखल घेतली गेली की टाळ थांबतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो आणि त्यानंतर आरती. आधी गाऱ्हाणे, मग आरती, हा क्रम आहे.

मी अनेक वर्षे या शांततेचे श्रेय चोपाला देत होतो. आता वाटते की ते त्या एकट्या टाळालाही द्यायला हवे. आपला टाळ ऐकला जाणार आहे याची खात्री असल्यामुळे बाकीच्या दिंड्या निश्चिंतपणे गप्प होतात. तुमच्या कार्यालयातल्या वरिष्ठांनी चोप उचलला, टाळही ऐकला, आणि जागचे हलले मात्र नाहीत. त्याला शांतता म्हणू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.


यवतेश्वर

लोणंदकर, हा रिवाज मला ठाऊक नव्हता. सातारा जिल्ह्यातच जन्म गेला आणि तरीही ठाऊक नव्हता, याची जरा लाज वाटली. माझा आक्षेप मागे घेत नाही, पण तो कोठे ठेवायचा हे आता अधिक नीट कळले.


विंगेतून

मी सांगलीचा आहे आणि हौशी रंगभूमीवर गेली पंचवीस वर्षे वावरतो, त्यामुळे या धाग्यात ‘वठवणे’ हा शब्द ज्या सुरात आला आहे त्याला थोडा विरोध नोंदवणे मला भाग आहे. आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि ५ नोव्हेंबर हा दिवस आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. नाटक म्हणजे खोटेपणा असे येथे कोणी म्हटले की आम्हाला ते घरच्यावर केलेल्या टीकेसारखे लागते.

भाव्यांच्या त्या खेळांची रचना या चर्चेसाठी फार उपयोगाची आहे. पात्रांना लिहून दिलेले संवाद जवळजवळ नसत. सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई आणि पात्रे आपापली भाषणे प्रसंग पाहून जागच्या जागी बोलत. नांदी म्हणून विंगेत नाहीसा होणारा हा सूत्रधार नव्हता. तो अखेरपर्यंत रंगमंचावर उभा असे. राक्षस आरोळ्या ठोकत येत, देव अवतरत, प्रेक्षक त्यांच्याकडे बघत, आणि सूत्रधार मात्र पुढे काय व्हायचे आहे ते ध्यानात ठेवून बाजूला उभा. पात्र भरकटले तर पुढचे पद सुरू करून तो त्याला वाटेवर आणत असणार, असा माझा नटाच्या अनुभवावरून तर्क आहे. तो लोकांच्या डोळ्यांपुढे आहे, पण लोकांनी आपल्याकडे बघावे ही त्याची गरज नाही.

व्हरांडाताई, मुलांनी तुमची नक्कल का केली याचे नटाच्या बाजूने उत्तर असे. तुम्ही विराम घेत होता, पण त्या विरामात तुम्ही काही करत नव्हता. रंगमंचावर आम्ही नवोदितांना पहिल्यांदा हेच सांगतो की थांबायचे असेल तर ऐकण्यासाठी थांब. थांबल्याचे दाखवण्यासाठी थांबलास तर तिसऱ्या रांगेपर्यंत कळते. नववीची मुले तर पहिल्या रांगेत बसतात.


माहुली संगम

मानसशास्त्राचे अध्यापन करत असल्याने दोन गोष्टींची भर घालतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडला, त्यात चेहऱ्यावर भाव आणणे आणि तो भाव आतून जागवण्याचा प्रयत्न करणे, असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. वरवरचा भाव दिवसभर धरून ठेवणाऱ्यांना थकवा अधिक येतो, असे नंतरच्या अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे ताईंचा घसा हा या थकव्याचा सर्वांत दृश्य भाग असावा. बाकीचा कोठे साचला होता हे त्यांनाच ठाऊक.

दुसरी गोष्ट अगदी साधी आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, त्यामुळे सावकाश सोडलेल्या श्वासाने शरीर खरोखरच निवते. समोरच्याला जे कळते ते बरेचसे येथून कळते, म्हणजे आवाजाच्या पट्टीतून, खांद्यांतून, बोलण्याच्या वेगातून. आपण शब्द निवडतो तेवढ्या सहजतेने या गोष्टी निवडता येत नाहीत. मात्र श्वासाच्या कार्यशाळा घेणाऱ्यांनी याचा जो बाजार मांडला आहे, त्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.


धनिणीची बाग

मी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलो, त्यामुळे कर्मवीर अण्णांचे नाव या धाग्यात येईपर्यंत थांबलो होतो. कोणी घेतले नाही म्हणून मीच घेतो, पण थोड्या वेगळ्या कारणाने.

भाऊराव पाटील हे मवाळ आवाजाचे म्हणून कोणाला आठवत नाहीत. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी संस्था सुरू करणाऱ्या आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून वसतिगृह चालवणाऱ्या माणसाचे हळू बोलून भागले असते असे मला वाटत नाही. तेव्हा खरेपणा म्हणजे मंद आवाज, असे समीकरण आपण करत असू तर ते चुकीचे आहे. दुसरीकडे त्याच वसतिगृहात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडले, ही हकिकत आमच्या शाळेत प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पोटात भूक घेऊन बसलेल्या मुलांना धीर द्यायला त्यांना भाषण करावे लागले नसणार. चूल पेटलेली दिसली की पुरे.

यवतेश्वरताईंचा प्रश्न येथेही लागू पडतो, हे मान्य करतो. त्या चुलीचे श्रेय किती वर्षे कोणी मोजले नाही.


आयर्विन

सांगलीच्या २०१९ च्या महापुरात मी एका शाळेतल्या निवारा केंद्रावर सहा दिवस होतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. केंद्रात चारशेच्या आसपास माणसे, त्यांत तान्ही मुले, गरोदर बाया, आणि एका आजोबांनी पोत्यातून आणलेली त्यांची बोकडे. वीज नाही, फोन अर्धमेले, आणि दर तासाला एक नवी अफवा. कोयना फुटली, ही अफवा मी त्या सहा दिवसांत निदान पाच वेळा ऐकली, आणि सुरुवातीला दर वेळी माणसे उठून गच्चीकडे धावत.

केंद्रावर एक गणिताचे शिक्षक होते. स्वभावाने घुमे, त्यापूर्वी त्यांना कोणी पुढारी म्हटले नसते. पहिल्या दिवशी आलेले एक कार्यकर्ते हातात कर्णा घेऊन “घाबरू नका, सगळे नियंत्रणात आहे” असे सांगत फिरत होते, आणि त्यांच्या त्या वाक्यानेच लोक अधिक घाबरत होते, कारण खिडकीतून दिसणारे पाणी त्यांच्या नियंत्रणात नव्हते. या सरांनी व्हरांड्यातला एक फळा पुसला आणि त्यावर तीन रकाने आखले. वेळ, आयर्विन पुलाची पातळी, कोयनेतून विसर्ग. कोणाच्या तरी फोनला मध्येच जाळे मिळे तेव्हा अधिकृत आकडा घेऊन ते तो लिहीत. आकडा मिळाला नाही तर त्या रकान्यात ‘माहिती नाही’ असे लिहीत. पातळी वाढली तर वाढलेलीच लिहीत. लोक तो फळा बघायला येऊ लागले. आकडा चढता असला तरी माणसे बघून परत जागेवर जाऊन बसत, हे मी डोळ्यांनी पाहिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोयनेची अफवा आली तेव्हा बायकाच म्हणाल्या, “थांबा, सरांच्या फळ्यावर आले का?”

मला आजही वाटते की त्या ‘माहिती नाही’ ने सर्वांत मोठे काम केले. ज्या फळ्यावर ‘माहिती नाही’ लिहिले जाते, त्यावरच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेल्याची बातमी आली, तीही त्यांनी लपवली नाही. फळ्यावर लिहिली नाही, पण विचारणाऱ्याला खरे सांगितले आणि नावेत किती जणांनी बसायचे हे त्या संध्याकाळपासून स्वतः दारात उभे राहून मोजले. सर रात्री पाण्याच्या टाकीमागे जाऊन एकदा रडले होते, हेही मला माहीत आहे. तेव्हा शांत असणे म्हणजे आत काहीच न होणे, असे मी समजत नाही.


व्हरांडा

सर्वांचे मनापासून आभार. यवतेश्वरताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. पहिल्याच दिवशी पाटी घेऊन गेले असते तर बहुधा काहीच घडले नसते, हे मला मान्य आहे. माझ्या तीन वर्षांच्या ओरडण्याने निदान एवढे झाले होते की कार्यालयात कोण बसते हे सर्वांना ठाऊक होते. आणि गळका नळ मला दिसला असता, पण तो दुरुस्त करवून घेण्याइतके माझे कोणी ऐकले असते का, हे सांगता येत नाही. हा भाग मी मूळ लेखात लिहायला हवा होता.

लोणंदकरदादा, तुमचा टाळ वाचल्यावर एक गोष्ट मला कबूल करावीशी वाटते. मौनाच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या एक सहायक शिक्षिका माझ्या खोलीत आल्या आणि वेळापत्रकाबद्दल बोलू लागल्या. सलग दोन वर्षे त्यांच्याकडे शेवटचे तास जास्त, मोकळे तास कमी, आणि सगळ्या बदली तासांवर पहिले नाव त्यांचेच. त्यांनी हे पूर्वीही काढले होते. तेव्हा प्रत्येक वेळी मी त्यांचे तिसरे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर दिले होते, आणि माझी उत्तरे अगदी समर्पक असत. या वेळी मला बोलता येत नव्हते. त्या वीस मिनिटे बोलल्या. शेवटी मी पाटीवर ‘खरे आहे’ एवढे दोन शब्द लिहिले. त्यांना रडू कोसळले आणि मला विलक्षण ओशाळल्यासारखे झाले.

वेळापत्रक बदलले. त्यामुळे ज्या दोघांचे मोकळे तास गेले ते अजूनही माझ्याशी तुटक बोलतात, आणि त्यांची बाजू अगदीच चुकीची आहे असेही नाही. माझे संबंध सगळ्यांशी गोड झाले असे चित्र मला येथे उभे करायचे नाही.

विंगेतून यांचे म्हणणे पटले. विरामात मी ऐकत नव्हते, मी विराम घेत आहे हे बघत होते. सध्या मी एवढेच करते. ध्वनिक्षेपकाची चावी शिपाईमामांकडे दिली आहे. राष्ट्रगीत, हरवल्या-सापडल्याचा पुकारा आणि खरोखरीचे संकट, एवढ्यापुरता तो सुरू होतो. ज्याला काही सांगायचे आहे त्याच्याकडे चालत जाते, आणि दोन मजले चढून जावे लागणार असल्याने पुष्कळ गोष्टी सांगायच्या राहून जातात, त्यावाचून कोणाचे काही अडलेले दिसत नाही. आयर्विन यांच्या फळ्यावरून एक कल्पना उचलली आहे. शिष्यवृत्तीचे पैसे आणि गणवेश यांच्या बाबतीत पालक रोज विचारतात. आता सूचनाफलकावर तारीख घालून जे कळले आहे ते लिहिते आणि जे कळले नाही तेथे तसे लिहिते. पहिल्या आठवड्यात दोन पालकांनी ‘माहिती नाही’ असे वाचून मला फैलावर घेतले. त्यांच्यापुढे मी शांत नव्हते, आवाज कापत होता, आणि तो कापला तर कापू दिला.

हळदपेठ यांच्या प्रश्नाचे उत्तर वाचायला मीही उत्सुक आहे, गव्हाणकाका.


गव्हाण

दवाखान्यात तपासणीला गेलो होतो, म्हणून उशीर झाला. साहेब ओरडले होते, एकदाच. साखळी जोडून झाली होती, चाचणीसाठी गव्हाण हळू सुरू केली होती, आणि नव्याने लागलेल्या एका पोराला दातऱ्यात अडकलेला उसाचा कांडका दिसला. कांडका काढायला त्याने हात घातला. साहेब वीस फुटांवर, वहीत काहीतरी लिहीत उभे. “हात!” एवढा एकच शब्द. वही खाली पडली होती. त्या आवाजाला मीसुद्धा, काहीही केलेले नसताना, दोन्ही हात वर केले, आणि स्विचजवळच्या माणसाने कोणाची वाट न बघता गव्हाण बंद केली.

नंतर त्यांनी त्या पोराला एक शब्द बोलला नाही. वही उचलली, त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि आपलाच हात थरथरतो आहे हे त्याला दिसू दिले. तो पोरगा आता दुसऱ्या एका कारखान्यात फिटर आहे. गेल्या दिवाळीला भेटायला आला होता. फराळाचे ताट पुढे केले तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्यांनी त्याच्या हातांकडे बघितले.